सोंगाडं मशीन आणि संकेश्वरचा फोन

मशीन खोललं, धूळ झटकली, नीट करून परत बंद केलं की एक स्क्रू उरतोच. कुठून निघाला, देव जाणे! मशीन तर चालतंय. मग तो स्क्रू टाकवत नाही. आमच्या दुकानात अशा उरलेल्या स्क्रूंचा एक डबा होता, बिस्किटांचा. दहा-बारा वर्षांत तो भरला आणि दुसरा लावायला लागला. किस्से असेच साठतात. गिऱ्हाईक येतं, काम होतं, जातं. मागे त्याचं एखादं वाक्य उरतं. तेही टाकवत नाही. आज तुम्ही बसलाच आहात, तर थोडे ओतते तुमच्यापुढे.

दुकान कोल्हापुरात, राजारामपुरीच्या एका गल्लीत, पहिल्या मजल्यावर. कॉम्प्युटर दुरुस्ती. मालक बसवराज अण्णा, मूळचे गडहिंग्लजकडचे. घरी कानडी बोलायचे, गिऱ्हाइकांशी मराठी, आणि मशीनशी दोन्ही! मी नव्वदीच्या सुरुवातीला डिप्लोमा करून त्यांच्याकडे लागले ती तिथेच राहिले. ते माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठे, पण मला 'अक्का' म्हणायचे. अक्का म्हणजे कानडीत थोरली बहीण.

मी एकदा म्हटलं, "अण्णा, मी थोरली कशी?"

"हितं दोघंच हाय आपण," अण्णा म्हणाले. "कुणीतरी थोरलं पाहिजेच की!"

*

त्या काळी मशीनला डिस्क नुसती जोडून भागायचं नाही. डिस्क केवढी आहे हे मशीनला सांगावं लागायचं. सिलिंडर इतके, हेड इतके, सेक्टर इतके. तीन आकडे, हातानं सेटिंगमध्ये भरायचे. एक चुकला की मशीन म्हणणार, डिस्कच नाही! आणि आतली बॅटरी संपली की भरलेलं सगळं विसरणार.

असं सगळं विसरलेलं मशीन घेऊन मुरगूडचे एक पावणे आले. टायपिंग क्लास होता त्यांचा. एसटीत अख्खं मशीन टॉवेलात गुंडाळून मांडीवर घेऊन आलेले. मी टेबलाशी बसले होते. त्यांनी माझ्या डोक्यावरून आत पाहिलं.

"मिस्त्री कुठाय?"

अण्णा म्हणाले, "ह्याच की मिस्त्री."

पावण्यांनी मला एकदा नीट पाहून घेतलं आणि बाकावर बसले. "असू दे. मी थांबतो."

"कुणासाठी?"

"मिस्त्री येईस्तोवर!"

मी मशीन खोललं. बॅटरी बदलली, आकडे भरले. सहाशे पंधरा, चार, सतरा. डिस्क फिरली, पडदा उजळला. पावणे उठले, चष्मा लावून बघितलं. एकदम खूश!

"बाई, चालू केलं तुम्ही, लई झ्याक झालं. आता मिस्त्री आला की त्येच्या नजरंखालनं एकदा घालून घेतो, मग निघतो!"

साडेपाचच्या गाडीपर्यंत थांबले बिचारे.

*

गल्लीच्या टोकाला एक दातांचे डॉक्टर होते. त्यांनी हौसेनं मशीनमध्ये साउंड कार्ड घालून घेतलं. पेशंटच्या तोंडात दात कोरायचं मशीन घालायचं तेव्हा गाणं लावायचं, अशी कल्पना. पण बिल छापायला प्रिंटर सुरू केला की गाणं अडकायचं. एकच शब्द पन्नास वेळा! पेशंट तोंड उघडं ठेवून ऐकतोय.

अण्णांनी मशीन खोललं आणि डॉक्टरांना समजावलं, "डॉक्टर, आत प्रत्येकाला एक नंबर असतोय. बेल म्हणा. ज्याची बेल वाजली त्यानं दार उघडायचं. तुमच्या गाण्याची आणि प्रिंटरची बेल एकच हाय. सातवी. वाजली की दोघंबी उठत्यात आणि दार कुणीच उघडत न्हाय."

डॉक्टर हसायला लागले. "अहो, आमच्या घरीपण हेच आहे! मी आईलाही 'अगं' म्हणतो आणि बायकोलाही 'अगं'! हाक मारली की दोघी येतात नाहीतर एकही येत नाही!"

अण्णांनी गाण्याला पाचवी बेल दिली, झाकण लावलं, स्क्रू पिळले. मग गंभीरपणे म्हणाले, "हे केलं. घरच्या सेटिंगला आमी हात लावत न्हाय!"

*

अण्णांची एक सवय होती. जे मशीन खोलतील, त्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूला पेन्सिलीनं त्याचे तीन आकडे लिहायचे. "डिस्कवरचं लेबल निघून जातंय," म्हणायचे, "पेन्सिल ऱ्हाती." कोल्हापूर जिल्ह्यातल्या किती मशीनच्या पोटात अण्णांचं अक्षर असेल, सांगता येणार नाही.

मग त्यांची नजर उतरायला लागली. स्क्रू हातात असायचा पण त्याची खाच दिसायची नाही. दोन वर्षं तसंच चाचपत काढली. शेवटी मुलगी येऊन घेऊन गेली, संकेश्वरला, तिच्या घरी. जायच्या दिवशी अण्णा दुकानभर हात फिरवत फिरले आणि जाताना फक्त एक छोटा स्क्रू ड्रायव्हर खिशात घातला.

"अण्णा, तिथं काय खोलणार?"

"काय न्हाय. खिसा मोकळा असला की हात कुठं ठेवायचा कळत न्हाय, अक्का."

ते जिना उतरून गेले. मी वरून बघितलं नाही. एक मशीन दुरुस्तीला होतं, ते खोलून बसले. दोन तासांनी लक्षात आलं, त्याला काही झालेलंच नव्हतं. ते आधीच दुरुस्त होऊन, गिऱ्हाईक घेऊन जाईल म्हणून ठेवलेलं होतं!

*

त्याच सुमारास जुनी मशीनं एकेक करून मरायला लागली. त्यांचे सुटे भाग मिळेनात. आणि लोकांचे प्रोग्राम तर नव्या मशीनवर चालेनात. मग मला एका मासिकाबरोबर आलेल्या सीडीवर एक प्रोग्राम सापडला. तो नव्या मशीनच्या आत जुन्या मशीनचं सोंग घेतो. त्याच्यात डिस्क म्हणजे एक फाइल. फ्लॉपी म्हणजे दुसरी फाइल. मेमरी किती? आपण लिहू तितकी! आणि गंमत म्हणजे तेच तीन आकडे भरावे लागतात. सिलिंडर, हेड, सेक्टर.

अण्णा डोळे दाखवायला कोल्हापूरला आले तेव्हा जावयानं त्यांना दुकानात आणलं. मी त्यांना पडद्यासमोर बसवलं. त्यांना पांढरी अक्षरं नुसती पुसट दिसत होती, पण मी वाचून दाखवलं. जुनं मशीन चालू होताना जसं मेमरी मोजतं तसं मोजत होतं.

"बॅटरी कुठाय ह्याची?"

"बॅटरी नाही, अण्णा."

"मग विसरत कसं न्हाय?"

"फाइलमध्ये लिहून ठेवलंय सगळं. ते विसरत नाही."

अण्णांनी खिशातला स्क्रू ड्रायव्हर चाचपला. "आणि खोलायचं कुठनं?"

"खोलायला काही नाहीच."

"म्हंजे सोंगाडं मशीन की हे!" अण्णा हसले. मग कान पडद्याजवळ नेला. "आवाज न्हाय ह्याला. डिस्क फिरली की गुर्र करती, त्यो आवाज?"

सगळी सेटिंग मी पालथी घातली होती. तो आवाज त्यात नव्हता.

निघताना अण्णांनी पेन्सिल मागितली. नव्या मशीनचं झाकण मला काढायला लावलं आणि आत चाचपत चाचपत आकडे लिहिले. खऱ्या मशीनच्या पोटात खोट्या मशीनचे आकडे! ओळ तिरकी गेली, सतरातला सात पत्र्याच्या कडेवरून खाली उतरला. मी सांगितलं नाही.

*

पहिलं सोंग घेतलं ते एका जोशी गुरुजींच्या मशीनचं. गुरुजी पत्रिका करायचे. जन्मवेळ टाकली की त्यांचा प्रोग्राम 'कृपया थांबा' म्हणायचा, चार मिनिटं ग्रह मोजत बसायचा, मग पत्रिका छापायचा. मी सगळं नव्या मशीनवर बसवून दिलं. जन्मवेळ टाकली, बटण दाबलं, पत्रिका हजर! डोळ्याचं पातं लवायच्या आत!

गुरुजींचा चेहराच उतरला. "ताई, हे थांबा म्हणतंय आणि थांबतच नाही!"

"गुरुजी, वेग वाढलाय. चांगलंय की!"

"काय चांगलंय? त्या चार मिनिटांत मी समोरच्याला विचारून घेतो. कुठले, काय करता, कशासाठी आलात, घरात कोण आजारी. ती चार मिनिटं तुम्ही काढून घेतलीत तर मी सांगू काय?"

सोंगाड्या मशीनमध्ये वेगाचाही एक आकडा असतो. मी तो कमी करत गेले. गुरुजी मनगटावरच्या घड्याळात बघत बसले. दीड मिनिट. नाही. अडीच. नाही. शेवटी बरोबर चार मिनिटं पाच सेकंदांवर आणला, तेव्हा त्यांनी मान डोलावली.

"हं! आता शनी नीट चालतोय!"

*

कोडोलीचे एक निवृत्त हेडमास्तर आले. बरोबर एक फ्लॉपी, प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी वहीत, वही दप्तरात. "माझं आत्मचरित्र आहे. अकरा प्रकरणं. ज्या मशीनवर लिहिलं ते मशीन गेलं."

माझ्याकडे चालू असलेला फ्लॉपी ड्राइव्ह एकच उरला होता. त्यात फ्लॉपी घातली आणि तिची फाइल करून सोंगाड्या मशीनला लावायला घेतली. ड्राइव्ह करकर करायला लागला. मास्तर उठून जिन्यात जाऊन उभे राहिले. हॉस्पिटलात ऑपरेशन चालू असताना नातेवाईक उभे राहतात ना, तसे!

दहा प्रकरणं आली. एक आलं नाही. फ्लॉपीवर तिथेच चरा पडला होता. तीनदा प्रयत्न केला, ड्राइव्ह पुसला, परत केला. नाहीच. मी जिन्यात गेले.

"सर, दहा आली. चौथं गेलं."

मास्तर बोटांवर मोजायला लागले. "पहिलं बालपण, दुसरं शाळा, तिसरं नोकरी... चौथं म्हणजे लग्न."

"सर, परत लिहाल ना? आठवत असेल तुम्हाला."

"आठवतंय की," मास्तर म्हणाले. "पण राहू दे. त्यात मी बरंच खोटं लिहिलं होतं."

दप्तर उचललं, दोन पायऱ्या उतरले, मग वळून म्हणाले, "ती वाचणार होती ना तेव्हा!"

*

आता माझाच एक. सोंगाड्या मशीनला 'सी' ड्राइव्ह म्हणून आपल्या खऱ्या मशीनमधला एखादा फोल्डर दाखवता येतो. मग आतल्या मशीनला वाटतं ही आपली डिस्क. एका दुपारी मी तसा एक फोल्डर दाखवला, आत नको त्या चार फाइली असतील, म्हटलं पुसून टाकू. त्यानं विचारलं, नक्की ना? मी म्हटलं, नक्की!

फोल्डर चुकीचा होता. सगळ्या गिऱ्हाइकांच्या सेटिंगच्या फाइली त्यात होत्या. अकरा मशीनं. डिस्कच्या नकला सीडीवर होत्या, पण त्यांचे आकडे गेले. खोट्या घराला काडी लावली आणि खरं घर जळालं!

पहिल्यांदा शिवी आली तोंडात. मग लक्षात आलं, ऐकायला कुणी नाही. समोर रिकामा बाक. बाकाला काय शिवी देणार? मी संकेश्वरला फोन लावला.

अण्णांनी सगळं ऐकून घेतलं. रागावले नाहीत. म्हणाले, "एकेक नाव घ्या."

"मुरगूड, टायपिंग क्लास."

"सहाशे पंधरा, चार, सतरा. फुडं?"

"जोशी गुरुजी."

"नऊशे सत्त्याहत्तर, पाच, सतरा. फुडं?"

अकरापैकी नऊ त्यांनी तिथल्या तिथे सांगितले! दोन राहिले. त्या दोन्हींवर अण्णा अडले, "थांबा... थांबा..." म्हणत राहिले आणि मग त्यांनी फोन ठेवून दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला माझ्या घरचा फोन वाजला. मी एकटीच राहते, आई गेल्यापासून एवढ्या सकाळी फोन वाजला नव्हता. धावत जाऊन उचलला.

"दातांचा डॉक्टर!" पलीकडून अण्णा. "आठशे वीस, सहा, सतरा!"

"अण्णा, चहा तरी घेऊ द्या!"

अकरावं त्यांना कधीच आठवलं नाही. त्याबद्दल त्यांनी माझी इतक्या वेळा माफी मागितली की पुसून टाकलं मी का त्यांनी, मलाच कळेना.

*

त्यानंतर अण्णांचा फोन रोज यायला लागला. संध्याकाळी पाचला. पहिला प्रश्न ठरलेला. "अक्का, आज कोण आलतं?"

सुरुवातीला सांगायला काहीतरी असायचं. मग लोकांनी जुनं सगळं सोडूनच दिलं. कधी कधी सकाळपासून जिन्यावर पाऊल वाजायचं नाही. "कुणी नाही" म्हटलं की अण्णा "बरं" म्हणायचे. आणि त्या 'बरं'नंतर दोघांनाही काही सुचायचं नाही. फोन मात्र कुणी ठेवायचं नाही.

असे सलग चार दिवस गेले. पाचव्या दिवशी अण्णांनी विचारलं, "कोण आलतं?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "आलते की! चंदगडचे एक दळवी. काजूवाले."

दळवी कुठून आले, मला माहीत नाही. त्या नावाचं ओळखीचं कुणी नव्हतं.

अण्णांचा आवाज एकदम तरतरीत झाला. "काय मशीन?"

मग सांगावंच लागलं. "जुनं आहे. दोन फ्लॉपी ड्राइव्ह. एक मोठा, एक छोटा."

"चंदगडचा पाऊस! गंजलं असंल."

"थोडं गंजलंय."

"सोंगाड्यात मोठी फ्लॉपी कुठं लावली? ए ड्राइव्हला का बी ला?"

"ए ला."

"माणूस कसा हाय?"

"उंच आहे. मोठी मिशी आहे. बोलत कमी."

"काजू आणलं का काय?"

मी समोरच्या मोकळ्या टेबलाकडे बघितलं. "आणलेत, अण्णा. भाजलेले आहेत."

अर्धा तास बोललो त्या दिवशी. दुसऱ्या दिवशी दळवींची डिस्क सापडत नव्हती. तिसऱ्या दिवशी सापडली, पण मेमरी कमी पडली. चौथ्या दिवशी अण्णांनी स्वतः विचार करून एक तोड सुचवली आणि ती चालली! त्या दिवशी फोन ठेवल्यावर मला माझीच लाज वाटली. डोळ्यांनी अधू झालेल्या म्हाताऱ्या माणसाला मी काय खेळवत बसलेय? पाचव्या दिवशी मी दळवींना संपवून टाकलं. "झालं त्यांचं काम, अण्णा. सकाळीच घेऊन गेले."

"गेला?" अण्णा म्हणाले. "बरं."

आणि पुढे कुणीच बोललं नाही.

त्याच्या दुसऱ्या दिवशी फोन पाचला आला नाही. सकाळी अकरालाच आला.

"अक्का, तुमचा दळवी भेटलता मला."

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. "कोण?"

"दळवी की! चंदगडचा, काजूवाला. जावयाबरोबर संकेश्वर स्टँडवर गेलतो, तिथं गाडी बदलायला उतरलता. मिशीवरनं वळखला मी. तुमचं लई कौतुक करत हुता."

स्क्रूची खाच न दिसणाऱ्या अण्णांना स्टँडवर मिशी दिसली होती!

"पण एक घोळ झालाय म्हणं," अण्णा म्हणाले. "त्येची मोठी फ्लॉपी बी ला हुती. तुम्ही ए ला लावलीया. घरी जाऊन लावलं तर चालंना. लई हिरमुसलाय बिचारा. मी म्हटलं, जावा परत, आमची अक्का हाय तिथं, करून देईल. तर उद्या येतोय त्यो. पहिल्या गाडीनं."

"उद्या?"

"व्हय. दुकानात असा."

"बरं," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी मी दुकान अर्धा तास आधी उघडलं.